तारांच्या डॉक्टरांवर स्मरणलेख लिहायचा आहे: दवाखाना आणि डोंगर एकाच लेखात कसे बसवावेत?

अर्धविराम:

नमस्कार. आमच्या लहानशा गावात वेड्यावाकड्या दातांना तारा लावणारे एकच डॉक्टर होते आणि गेल्या महिन्यात ते वारले. ते म्हातारपणी, घरी, झोपेत गेले. हे आधीच सांगतो, कारण बातमी कळल्यावर निम्म्या गावाने पहिला प्रश्न विचारला तो असा की, कोणत्या डोंगरावर?

त्यांच्या घरच्यांनी एक छोटी स्मरणपुस्तिका काढायचे ठरवले असून तिच्यातला मुख्य लेख लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझी पात्रता एवढीच, की तेराव्या वर्षापासून दोन वर्षे मी त्यांच्या खुर्चीत बसलो आणि पुढे लिहिण्यावाचण्याच्या व्यवसायात पडलो. घरच्यांनी माझ्यासमोर सामग्री मांडून ठेवली आहे. एका बाजूला मोहिमांच्या वह्या आहेत, त्यांत हवामानाच्या नोंदी, हाताने काढलेले कड्यांचे आराखडे आणि कोणत्या गाठीला किती दोर लागला याचे बारीक अक्षरातले हिशेब आहेत. दुसऱ्या बाजूला एक अख्खे कपाट आहे आणि त्यात खालपासून वरपर्यंत दातांची प्लॅस्टरची मॉडेल्स रचलेली आहेत. प्रत्येक रुग्णाचे दोन संच आहेत, एक उपचारापूर्वीचा आणि एक नंतरचा. कपाट उघडल्यावर इतके जबडे एकदम समोर येतात, की पहिल्या दिवशी मी ते लगेच बंद केले.

आतापर्यंत दोन खर्डे लिहून झाले आणि दोन्ही फसले. पहिला वाचून असे वाटत होते, की मी त्यांच्यासाठी नोकरीचा अर्ज करतो आहे. दुसऱ्यात मी फक्त कडे, बर्फ आणि वादळे लिहिली, आणि तो वाचून त्यांच्या मुलीने शांतपणे विचारले, "मग बाबा रोज सकाळी नऊ वाजता कुठे जात होते?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या लेखात नव्हते.

माझ्या स्वतःच्या आठवणीत एक गोष्ट स्पष्ट आहे. डॉक्टर प्रत्येक मुलाच्या हातात एक गोल आरसा देत आणि आपण काय करतो आहोत ते त्याला पाहायला लावत. तारा घट्ट होताना पाहायच्या, हा त्यांचा आग्रह असे. इतर बहुतेक ठिकाणी मुलांना डोळे मिटायला सांगतात.

ज्यांनी त्यांच्यासोबत काम केले, चढाई केली किंवा त्यांच्या विषयातले ज्यांना कळते, त्यांच्याकडून मला मदत हवी आहे. दवाखाना आणि डोंगर हे एकाच माणसाचे आयुष्य आहे असे वाचकाला वाटायला हवे, तर त्यांना जोडणारा धागा कोणता? उपचारांतली तांत्रिक माहिती किती द्यावी? आणि रुग्णांच्या गोष्टी सांगाव्यात की नाही? कपाटातल्या मॉडेल्सचे एखादे छायाचित्र छापावे अशी पुस्तिका मांडणाऱ्यांची इच्छा आहे, आणि मला त्याबद्दल शंका आहे.

मदतनीस:

आपला प्रश्न वाचून बराच वेळ काय लिहावे ते सुचले नाही. मी त्या दवाखान्यात बावीस वर्षे काम केले, त्यामुळे सकाळी नऊ वाजता ते कुठे जात होते हे मी निश्चित सांगू शकते. ते पावणेनऊला येत.

आल्यावर पहिले काम म्हणजे त्या दिवशीच्या तारा. आज बहुतेक तारा तयार आकारात येतात, परंतु डॉक्टर शेवटच्या टप्प्यातल्या स्टीलच्या तारा स्वतः वळवीत. तार पक्कडीत धरून अंगठ्याने हलकेच दाबायची, मग ती टेबलावरच्या काचेवर ठेवून पाहायची. तारेचे एखादे टोक काचेपासून केसभर जरी उचललेले दिसले, तरी ती पुन्हा पक्कडीत जाई. मी एकदा म्हणाले, की एवढ्याशा फरकाने काय होणार आहे. त्यांनी ती तार माझ्या हातात दिली आणि म्हणाले, की हा फरक तोंडात गेल्यावर महिनाभर, दिवसरात्र, एकाच दाताला ढकलत राहणार आहे. तार बसवून झाल्यावर मागचे टोक कापून आत वळवीत आणि मग गालाच्या आतून स्वतःचे बोट फिरवून पाहत. "टोचते का?" हा प्रश्न मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकला असेल, याची मोजदाद नाही.

आता डोंगराविषयी. ते वर्षातून दोनदा मोठ्या मोहिमेला जात, आणि दवाखान्यात त्याची तयारी सहा आठवडे आधी सुरू होई. याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून सांगते. निघण्याच्या आधीच्या भेटीत ते कोणाच्याही तोंडात नवी हालचाल सुरू करीत नसत. जागा बंद करणारी साखळी काढून ठेवीत आणि तोंडात अशी तार घालीत, की ती दात ढकलणार नाही, फक्त आहे तिथे धरून ठेवील. प्रत्येक मुलाला मेणाची छोटी कांडी देत, आणि तारेचे टोक गालाला टोचू लागले तर मेणाची गोळी करून त्यावर कशी बसवायची, हे त्याच्याकडून आरशात करवून घेत. शेजारच्या गावातल्या एका डॉक्टरांशी बोलून ठेवलेले असे आणि त्यांचा क्रमांक प्रत्येकाच्या कार्डावर मी लिहीत असे.

तरीही एकदा चूक झाली, आणि लेखात ती यावी असे मला प्रामाणिकपणे वाटते. एका मुलीला वरच्या आणि खालच्या दातांमध्ये लावायची रबरे दिली होती. पुढे आलेले वरचे दात मागे आणायला ती लागतात, आणि किती दिवस लावायची यावर सगळे अवलंबून असते. डॉक्टर तीन आठवड्यांत परतणार होते. हवामानामुळे खिंड बंद झाली आणि ते आणखी दोन आठवडे अडकले. मुलगी अतिशय आज्ञाधारक होती. ती ठरल्याप्रमाणे रोज रबरे लावत राहिली, आणि दात हवे होते त्याहून अधिक मागे गेले. तिची आई भर दवाखान्यात बोलली, आणि जे बोलली ते खोटे नव्हते. डॉक्टरांनी खिंडीचे नाव काढले नाही, हवामानाचेही नाही. "चूक माझी आहे, आणि ती दुरुस्त करायला चार महिने लागतील," एवढेच ते म्हणाले. चार महिन्यांनी ती दुरुस्त झाली. त्यानंतर रबरे चालू असलेला एकही रुग्ण मागे ठेवून ते कधी गेले नाहीत. एका वर्षी दोन मुलांची रबरे वेळेत थांबवता आली नाहीत, तेव्हा त्यांनी मोहीम रद्द केली. त्या मुलांना हे आजही माहीत नसेल.

मॉडेल्सचे छायाचित्र कृपया छापू नये. डॉक्टर मॉडेलवर नाव लिहीत नसत, फक्त पेन्सिलने क्रमांक घालत, आणि क्रमांकांची वही वेगळी कुलपात असे. परंतु गाव लहान आहे. पुढे आलेला दात पाहून लोक माणूस ओळखतात.

दंतवैद्य:

मी याच विषयातला आहे आणि शिकत असताना डॉक्टरांच्या हाताखाली काही महिने होतो. मदतनीस बाईंनी जे लिहिले आहे त्यात आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आलेले आहे, परंतु त्यामागचे शास्त्र सांगितले तर ते अधिक स्पष्ट दिसेल.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, साधारण 0.2 मिलिमीटर जाडीचा. दातावर सतत हलका दाब पडला, की दाबाच्या बाजूचे हाड विरघळते आणि ताणाच्या बाजूला नवे हाड तयार होते, आणि अशा रीतीने दात आपली खोबण बरोबर घेऊन सरकतो. वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर. इथे सामान्य समज उलटा पडतो. अधिक जोर लावला तर दात लवकर सरकत नाही. त्या पातळ थरातल्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात, तिथल्या पेशी मरतात आणि दात काही आठवडे जागचा हलतच नाही. ज्याला घाई आहे त्याला या विषयात शिक्षा लगेच मिळते. म्हणून पुस्तिकेत त्यांना "धाडसी" म्हणताना जरा थांबावे. मी त्यांच्याइतका सावध माणूस फार थोड्या वेळा पाहिला आहे. साहसी ते होतेच, पण त्यांच्या बाबतीत त्या शब्दाचा अर्थ काय होता तेही लिहावे लागेल.

आपण धागा विचारला आहे, तर मी एक शब्द सुचवतो: अँकर. गिर्यारोहणात दोर ज्याला बांधलेला असतो तो आधार म्हणजे अँकर, आणि आमच्या विषयातही हाच शब्द याच अर्थाने चालतो. एक दात मागे ओढायचा असेल तर तो कशाला तरी बांधून ओढावा लागतो, आणि ज्याला बांधला तो दातही तितक्याच जोराने पुढे ओढला जातो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, हा नियम तोंडातही सुटत नाही. सुळा मागे आणण्याच्या नादात दाढा पुढे आल्या तर जागा संपते आणि उपचार फसतो. डॉक्टर आम्हाला रुग्णाची मॉडेल्स दाखवून पहिला प्रश्न विचारीत तो दात कुठे न्यायचा हा नसे. "हा दोर कशाला बांधला आहे आणि ते किती हलेल?" असा तो प्रश्न असे. आम्हाला तेव्हा वाटे, की ते डोंगराचे उदाहरण देत आहेत. आज मला खात्री नाही, की कोणते कशाचे उदाहरण होते.

पुढे हाडात बसवायचे बारीक स्क्रू आले. अशा स्क्रूचा वापर करून केलेल्या उपचाराचा अहवाल 1983 मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि 1997 मध्ये खास या कामासाठीच्या छोट्या स्क्रूचे वर्णन छापून आले, त्यानंतर ते हळूहळू रुळले. हाडातला स्क्रू दातासारखा सरकत जात नाही, त्यामुळे दाढांवर भार न टाकता ओढता येते. डॉक्टरांनी तोवर तंत्र बदलण्याच्या बाबतीत कधी उत्साह दाखवला नव्हता, परंतु या एका गोष्टीवर ते लहान मुलासारखे खूश झाले होते. कड्यावर बोल्ट ठोकायला त्यांचा विरोध असे आणि हाडात मात्र ते आनंदाने ठोकत, यावरून आम्ही त्यांची थट्टा करीत असू.

तांत्रिक माहिती किती द्यावी, तर एवढी द्यावी की त्यांच्या हयातीत या व्यवसायात काय काय बदलले ते कळेल. ते शिकले तेव्हा प्रत्येक दाताभोवती धातूचा पट्टा ठोकून बसवावा लागे. दाताच्या इनॅमलवर, म्हणजे बाहेरच्या कठीण थरावर, आम्ल लावले की त्याला चिकटद्रव्य घट्ट धरते, हे दंतसंशोधक ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवले होते, पण त्या जोरावर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, थेट दातावर चिकटवण्याची पद्धत सार्वत्रिक व्हायला 1970 चे दशक उलटावे लागले. त्याच दशकाच्या सुरुवातीला निकेल-टायटेनियमची तार आमच्या विषयात आली. ती मिश्रधातू मुळात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडली होती. वाकवली तरी पुन्हा आपल्या आकारात येते आणि बराच काळ हलका, एकसारखा जोर देत राहते, हा तिचा गुण आमच्या कामाचा. आणि कपाटाबद्दल लिहिणार असाल तर हेही लिहा, की लॉरेन्स अँड्र्यूज या तारांच्याच डॉक्टरांनी कधीही उपचार न घेतलेल्या, निसर्गतःच उत्तम असलेल्या 120 दंतपंक्तींची मॉडेल्स जमवून अभ्यासली आणि वरचे-खालचे दात एकमेकांवर नीट बसण्याची सहा लक्षणे 1972 मध्ये मांडली. आज वापरात असलेली बरीचशी ब्रॅकेट्स त्या अभ्यासावर उभी आहेत. प्लॅस्टरच्या कपाटांना आमच्या विषयात असा मान आहे.

छायाचित्राविषयी मदतनीस बाईंशी मी सहमत आहे. रुग्णाची गोपनीयता डॉक्टरांच्या मृत्यूने संपत नाही. ज्या रुग्णाची गोष्ट सांगायची असेल त्याची लेखी परवानगी घ्या, आणि मॉडेल्स घरच्यांनी कोणाला देण्यापूर्वी किंवा टाकण्यापूर्वी नोंदी किती वर्षे ठेवण्याचे बंधन आहे ते विचारून घ्या. ज्यांचे उपचार अर्धवट आहेत त्यांच्या नोंदी नव्या डॉक्टरांकडे पोहोचल्या का, हे तर लेखाच्याही आधी पाहायला हवे.

दुसरा दोर:

मी त्यांच्यासोबत अठरा वर्षे चढाई केली, बहुतेक वेळा त्यांच्या मागच्या दोरावर. वरच्या प्रतिसादातील "सावध" हा शब्द योग्य आहे, पण त्यामुळे कोणाला ते भित्रे वाटू नयेत म्हणून एक प्रसंग लिहितो. परवानगीचा प्रश्न येणार नाही, कारण तोंड माझे होते.

शिखर तासाभरावर होते. एका सोप्या टप्प्यावर माझा पाय निसटला, मी दोरावर लोंबकळलो आणि माझाच गुडघा माझ्या तोंडावर आदळला. वरचा समोरचा दात मुळासकट बाहेर पडून खालच्या गवताच्या पट्ट्यात गेला. मला रक्त दिसत होते, त्यामुळे दाताचे काही सुचत नव्हते. डॉक्टरांनी मला अँकरला बांधून बसवले, माझी शुद्ध, मान आणि जबडा तपासला, आणि मग ते दोरावरून खाली उतरून गवतात दात शोधू लागले. सापडला तेव्हा त्यांनी तो फक्त वरच्या पांढऱ्या भागाला धरला, मुळाला बोट लावले नाही. बाटलीतले थोडे पाणी त्यावरून ओघळू दिले. मी माझ्या बाहीने तो पुसायला हात पुढे केला तर माझा हात त्यांनी चक्क झटकला. मुळावर जो ओलसर पापुद्रा असतो त्यातल्या पेशी जिवंत राहिल्या तरच दात पुन्हा धरतो, आणि त्या पुसल्याने मरतात, कोरड्या पडल्यानेही मरतात, हे मला नंतर कळले. त्यांनी दात फिरवून दिशा पाहिली, खाचेत ठेवला आणि सावकाश दाबला. खट्कन आवाज येईल असे मला वाटले होते. तसे काही झाले नाही, एखादी कळ जागेवर बसावी तसे वाटले. मग घडी केलेला रुमाल दातांत धरायला दिला. पडल्यापासून हे होईपर्यंत दहा-बारा मिनिटे गेली असतील.

आमच्यातला एक तरुण मुलगा म्हणाला, की आता दात बसला आहे, तर एक तासात शिखर करून येऊ. डॉक्टरांनी त्याला उत्तर दिले नाही. ते घड्याळाकडे पाहत होते आणि त्यांनी दोर उलटा लावायला घेतला होता. आम्ही चार तासांत खाली आलो. रात्री त्यांनी दवाखाना उघडला आणि 0.4 मिलिमीटरची बारीक तार माझ्या त्या दाताला आणि शेजारच्या दातांना चिकटवली. ती तार मुद्दाम बारीक असते, दात थोडा हलता राहावा म्हणून, घट्ट जखडला तर तो हाडाला चिकटून बसण्याचा धोका वाढतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले आहे का ते विचारले आणि दोन आठवड्यांच्या आत मूळनलिकेचे उपचार (रूट कॅनाल) करून घेण्यासाठी मला दुसऱ्या दंतवैद्याकडे पाठवले. दोन आठवड्यांनी तार काढली. तो दात आजही माझ्या तोंडात आहे.

कोणाच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो: दात लगेच बसवता येत नसेल तर तो दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर तो परत बसवायचा नसतो, त्याने खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते. डॉक्टर हे प्रत्येक मोहिमेच्या आधी आम्हाला सांगत आणि आम्ही कंटाळून ऐकत असू.

आणखी एक सवय लिहिण्यासारखी आहे. उंचावर जायच्या मोहिमेपूर्वी ते प्रत्येकाला खुर्चीत बसवून दात तपासत. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. एखाद्या दाताच्या भरावाखाली कीड असेल आणि तिथे हवा अडकलेली असेल, तर ती बाहेर पडायला पाहते आणि दात असा ठणकतो की माणूस चालू शकत नाही. विमानचालकांना आणि पाणबुड्यांना हा त्रास जुना परिचयाचा आहे. तंबूतल्या रात्री दाढ दुखण्यापेक्षा खुर्चीतला अर्धा तास परवडला, असे त्यांचे साधे म्हणणे होते. एका वर्षी त्यांनी आमच्यातल्या सगळ्यांत बळकट गड्याला एका दाढेपायी मागे ठेवले. तो दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हता.

एक सुळा:

सर्वांनी चांगले लिहिले आहे, तर मी थोडे वेगळे लिहिते. डॉक्टर बोलायचे फार, आणि ज्यांच्या तोंडात दोन्ही हात घातले आहेत त्यांच्याशी तर विशेष. माझा एक सुळा टाळूच्या बाजूला अडकला होता. त्याला सोनेरी साखळी बांधून खाली आणायला वर्ष लागले, आणि त्या वर्षभरात मी न मागता ढगांचे सगळे प्रकार शिकले. वाट पाहणाऱ्यांची रांग बाहेर वाढत असे. लेखात एवढे तरी येऊ द्या, की त्यांच्याकडे वेळेवर गेलेला माणूस वेळेवर बाहेर येत नसे.

तारा काढल्या त्या दिवशी त्यांनी मला रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे, काढता-घालता येणारे साधन, दिला आणि बजावले, की दातांभोवतीचे तंतू नव्या जागेची सवय करून घ्यायला काही महिने घेतात, हिरडीतले तर वर्षभरही घेतात, तोवर दात परत फिरायला टपलेले असतात, आणि वयानुसार ते पुढेही थोडे सरकतच राहतात. मी सतरा वर्षांची होते. रिटेनर डबीत राहिला आणि डबी कुठे राहिली ते आठवत नाही. एकोणतिसाव्या वर्षी खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढले तेव्हा मी ओशाळून त्यांच्याकडे गेले. ते रागावतील अशी तयारी करून गेले होते. त्यांनी कपाटातून माझी जुनी दोन्ही मॉडेल्स काढली, मधे माझा नवा ठसा ठेवला, आणि मला आरसा दिला. पूर्ण पाच मिनिटे एक शब्द बोलले नाहीत. बोलके डॉक्टर गप्प बसले की काय होते, ते त्या दिवशी मला कळले. या वेळी त्यांनी दातांच्या मागे बारीक तार कायमची चिकटवून टाकली. "ही डबीत ठेवता येणार नाही," असे म्हणाले.

माझी ही गोष्ट माझ्या नावासकट छापायला माझी हरकत नाही. लेखी परवानगी पाठवीन.

अर्धविराम:

आपण सर्वांनी जे दिले ते पाहता माझे आधीचे दोन्ही खर्डे मी बाजूला ठेवले आहेत. मॉडेल्सचे छायाचित्र छापायचे नाही, हे घरच्यांशी बोलून ठरले. दंतवैद्य यांनी सुचवल्याप्रमाणे चौकशी केली, तेव्हा उपचार अर्धवट राहिलेल्या एकाचीही नोंद मागे राहिली नसल्याचे कळले. दोन वर्षांपूर्वी काम थांबवतानाच डॉक्टरांनी त्या सर्व रुग्णांची व्यवस्था लावली होती आणि प्रत्येकाच्या कार्डावर पुढच्या टप्प्याची टिपणे लिहून ठेवली होती. ही व्यवस्था मोहिमेला निघण्यापूर्वीच्या त्यांच्या जुन्या पद्धतीशी इतकी जुळते, की लेखात ती मदतनीस बाईंनी सांगितलेल्या सहा आठवड्यांच्या तयारीच्या लगेच पुढे येईल.

लेखाची सुरुवात मी रबरांच्या त्या चुकीपासून करणार होतो, पण संबंधित मुलीची परवानगी मिळेपर्यंत ती थांबवली आहे. तूर्त सुरुवात अशी केली आहे, कृपया पाहावी:

"सकाळी पावणेनऊला दवाखान्यात दिवा लागे. डॉक्टर उजव्या हातात पक्कड घेऊन खुर्चीच्या उजव्या बाजूला बसत, डाव्या बाजूला त्यांच्या मदतनीस असत, आणि टेबलावरच्या काचेवर एक तार ठेवलेली असे. तार काचेला सगळीकडे टेकली आहे का, हे ते वाकून पाहत. याच डोळ्यांनी ते सुट्टीत कड्यावरच्या बोटभर खाचा पाहत, आणि त्या खाचांचे आराखडे ज्या पेन्सिलने काढत, तिनेच ते मॉडेल्सवर क्रमांक घालत. पेन्सिल एकच होती असे घरचे सांगतात. ती दवाखान्याच्या कोटाच्या खिशातून डोंगरावरच्या पिशवीत जाई आणि तशीच परत येई."

मदतनीस:

सुरुवात आवडली आणि पेन्सिलीचे बरोबर आहे. मात्र एक दुरुस्ती करावी. डॉक्टर डावखुरे होते. पक्कड कायम त्यांच्या डाव्या हातात असे आणि ते खुर्चीच्या डाव्या बाजूला बसत. मी बावीस वर्षे उजव्या बाजूला बसले आणि दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेले की अजून चुकीच्या बाजूला जाऊन उभी राहते. आपल्याला उजवा हात आठवतो, कारण आपण त्यांना आरशात पाहत होता.